मॅक फ्लॅपिंग थांबवायचंय: लूप डिटेक्शन, आरएसटीपी की एलएसीपी?

कापसाचा सीझन तोंडावर आला की जळगाव-धुळ्याकडच्या जिनिंगमध्ये नेटवर्कवर एकदम ताण येतो. वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर मध्येच अडकतो, कॅमेरे जातात-येतात, थोड्या वेळाने सगळं आपोआप सुरळीत होतं. स्विचचा (नेटवर्कच्या वायरी जोडणाऱ्या डब्याचा) लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, उघडला तर एकच तक्रार पुन्हापुन्हा दिसते: अमुक मॅक (उपकरणाचा हार्डवेअर पत्ता) पोर्ट ३ आणि पोर्ट ८ यांच्यात फ्लॅप होतोय, म्हणजे सारखा उड्या मारतोय. मग शेठ विचारतात, "भाऊ, नवीन स्विच टाकायचा का?"

आधी ती ओळ नीट वाचा. स्विच प्रत्येक फ्रेमवर (डेटाच्या पाकिटावर) पाठवणाऱ्याचा पत्ता, म्हणजे मॅक, पाहतो आणि तो कुठल्या पोर्टवरून आला याची नोंद ठेवतो. बहुतेक स्विचवर ही नोंद मुळात ३०० सेकंद टिकते. तोच पत्ता मध्येच दुसऱ्या पोर्टवरून आला तर नोंद बदलते, आणि हे सारखं होऊ लागलं की लॉग ओरडायला लागतो. का होतंय ते लॉग सांगत नाही. पण कोणता मॅक, कोणते दोन पोर्ट आणि किती वेगाने, एवढ्यावरून बरंच कळतं.

बरेच मॅक एकदम, त्याच दोन पोर्टांमध्ये, सेकंदाला कितीतरी वेळा उडत असतील आणि सगळे दिवे एका तालात लुकलुकत असतील, तर लूप, म्हणजे वायरींचा बंद फेरा, धरून चाला. ईथरनेट फ्रेमला टीटीएल (किती टप्प्यांनंतर संपायचं तो आकडा) नसतो. फिरायला लागलेला ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठी सोडलेली फ्रेम) कुणी वायर काढेपर्यंत फिरतच राहतो. दोन पोर्टांपैकी एक अपलिंक (दुसऱ्या मुख्य स्विचकडे जाणारा) आणि दुसरा साधा असेल तर साध्या पोर्टच्या मागे जा. तिथे टेबलाखाली पाच पोर्टांचा साधा स्विच आणि त्याच्याच दोन पोर्टांत खोचलेली एकच वायर सापडण्याची शक्यता मोठी. आयपी फोनची दोन्ही तोंडं भिंतीत खोचलेलीही सापडतात. दोन्ही पोर्ट अपलिंक असतील तर स्विचच्या रिंगमध्येच कुठेतरी स्पॅनिंग ट्री (जादाची वाट अडवून लूप टाळणारी सोय) बंद आहे.

एकाच सर्व्हरचा किंवा त्यावरच्या व्हीएमचा (आभासी कॉम्प्युटरचा) मॅक दोन पोर्टांमध्ये उडतोय, बाकी सगळं शांत, तर तो टीमिंगचा, म्हणजे सर्व्हरच्या दोन वायरी मिळून वापरण्याचा, घोळ. व्हीएम चालवणाऱ्या व्हीएमवेअरमध्ये 'आयपी हॅश' (आयपी पत्त्यांवरून वायर निवडणं) निवडायचं आणि स्विचवर त्या पोर्टांचा ग्रुपच करायचा नाही, हा नेहमीचा प्रकार. मोबाइलचा मॅक दोन एपींच्या (वायफायच्या डब्यांच्या) पोर्टांमध्ये मधूनच सरकत असेल तर माणूस शेडमधून ऑफिसात चालत गेला, एवढंच. त्याला हात लावू नका. कॉलेजच्या मोठ्या नेटवर्कमध्ये ००-००-५ई-००-०१ ने सुरू होणारा पत्ता उडताना दिसला, तर व्हीआरआरपीचे (एक राउटर पडला की दुसऱ्याने त्याचा पत्ता घेण्याच्या पद्धतीचे) दोन राउटर एकाच वेळी मास्टर होऊन बसलेत. त्यांचे हॅलो (मी चालू आहे असे संदेश) एकमेकांपर्यंत का पोचत नाहीत ते बघा, स्विच बदलून काही होणार नाही.

आता उपाय.

लूप डिटेक्शन स्वस्तातल्या स्मार्ट स्विचवरही असतं. स्विच ठरावीक वेळाने स्वतःची एक फ्रेम सोडतो. ती परत आली की पोर्ट बंद. टिक केलं की झालं, आणि साध्या स्विचच्या मागचा लूपही बहुधा पकडला जातो. पण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी आणि याचं काम फक्त पोर्ट पाडणं. दोन शेडमध्ये मुद्दाम दोन वाटा ठेवायच्या असतील तर हे उपयोगाचं नाही, दुसरी वाट म्हणजे त्याच्या लेखी लूपच. शिवाय काही स्विच थोड्या वेळाने पोर्ट आपोआप उघडतात. वायर तशीच असेल तर पुन्हा तोच तमाशा, आणि शेठना वाटतं नेट "अधूनमधून" जातंय.

आरएसटीपी, म्हणजे स्पॅनिंग ट्रीचा वेगवान प्रकार, मेहनत मागतं, पण माझं मत त्याच्याच बाजूने. स्पॅनिंग ट्रीची मूळ कल्पना संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांची, १९८५ सालची. जुन्या पद्धतीत वाट बदलायला ३० ते ५० सेकंद जायचे. २००१ च्या ८०२.१डब्ल्यू (आरएसटीपीचं मानक) नंतर हे काम सहसा काही सेकंदांतच होतं. जादाची वाट अडवून ठेवायची आणि मुख्य तुटली की उघडायची, हे या तिघांत फक्त यालाच जमतं. मात्र नुसतं चालू करून सोडू नका. सगळ्यांची प्रायॉरिटी (लहान आकडा तो वरचढ) मुळात ३२७६८ असते, बरोबरीत सगळ्यात लहान मॅकवाला रूट (ज्याच्यापासून सगळ्या वाटा मोजतात तो स्विच) होतो, आणि तो बऱ्याचदा कोपऱ्यातला सगळ्यात जुना स्विच निघतो. मुख्य स्विचला ४०९६ द्या. कॉम्प्युटर-कॅमेऱ्यांचे पोर्ट एज (टोकाचे) करा, नाहीतर लाइट जाऊन आली की प्रत्येक कॉम्प्युटर चालू होताना स्विच आपली मॅकच्या नोंदींची टेबलं पुसत बसतो. त्या एज पोर्टवर बीपीडीयू गार्डही लावा: बीपीडीयू म्हणजे स्पॅनिंग ट्रीचे स्विचमधले संदेश, ते तिथून आले की पोर्ट बंद.

याची दुखरी जागा म्हणजे साधे स्विच. काही साधे स्विच बीपीडीयू पुढे जाऊ देतात, काही गिळतात. गिळणाऱ्याच्या मागे लूप झाला तर आरएसटीपीला पत्ताच लागत नाही. म्हणून कडेच्या पोर्टवर लूप डिटेक्शनही असू द्या, दोन्ही एकत्र चालत असतील तर.

एलएसीपीबद्दल थोडक्यात. दोन वायरी एक करून वापरायला ते उत्तम, पण टीमिंगच्या घोळाखेरीज बाकी फ्लॅपिंगचं औषध म्हणून ते घेऊ नका. घेतलंत तर दोन्ही टोकांना एलएसीपीच हवं. स्टॅटिक ग्रुप (समोरच्याला न विचारता बांधलेला) एकाच बाजूला केला तर फ्लॅपिंग तुम्हीच घरी आणता. एलएसीपीत समोरून उत्तर आलं नाही तर ग्रुप बनत नाही आणि निदान आरएसटीपी एक वायर अडवतं. सर्व्हरला वेगाची गरज नसून फक्त आधाराची असेल तर लिनक्सचा अॅक्टिव्ह-बॅकअप मोड (एक वायर चालू, दुसरी राखीव) पुरतो, स्विचला काही सांगावंही लागत नाही.

तर काय घ्यायचं? एकच इमारत, वीसेक पॉइंट, दाल मिल किंवा दुकान असेल तर लूप डिटेक्शनवाला स्मार्ट स्विच पुरे. जिनिंगमध्ये काटा, प्रेस, ऑफिस वेगवेगळ्या शेडमध्ये असतील तर मध्यभागी आरएसटीपी आणि बीपीडीयू गार्डवाला मॅनेज्ड स्विच घ्या, शेडमध्ये बिनपंख्याचे. रुई पंख्यात अडकून स्विच तापतात. शंभर मीटरच्या पुढे तांब्याची वायर चालत नाही, आणि त्याच्या आत असलं तरी दोन इमारतींमध्ये मी फायबरच टाकेन, विजेचा धोका टळतो.

रावेर-सावद्याकडे केळीच्या पॅकहाउसमध्ये अलीकडे मेश वायफाय (एपी एकमेकांना वायरशिवाय जोडणारं) बसवतात, तिथे आणखी एक भानगड असते. एपीला वायरही लावलेली आणि शेजारच्या एपीशी वायरलेस मेशही चालू, म्हणजे लूप हवेतून. अशा ठिकाणी नवा स्विच घेण्याआधी वायर लावलेल्या एपींची मेश बंद करून लॉग बघा.