कापडी डायपर: दहा महिने आणि एक अख्खा पावसाळा

जानेवारी २०२५ मध्ये लेक झाली. तेव्हापासून आजपर्यंत तिला खाली काय काय बांधलं, त्याचा हा हिशोब. लंगोट, कापडी डायपर, वापरून फेकायचे डायपर, तिन्ही झालं. ज्यांचे रिव्ह्यू वाचून मी खरेदी केली, त्यातल्या बहुतेकांनी ते पहिल्या आठवड्यात लिहिलेले होते, आणि पहिल्या आठवड्यात कापडी डायपर फार गोड दिसतो. त्यावर हत्ती असतात. म्हणून मी थांबलो. आमच्या घरी धुण्याचं खातं माझ्याकडे आहे, तेव्हा हा धुणाऱ्याचा रिव्ह्यू आहे हे आधीच सांगतो. पुण्यातला फ्लॅट, पश्चिमेची छोटी बाल्कनी, वरून भरायचं मशीन आणि घरात आई, एवढी पार्श्वभूमी पुरे.

पहिला सव्वा महिना फक्त लंगोट. आई चिपळूणहून येताना गाठोडं घेऊनच आली होती: विटलेल्या सुती साड्यांची दुपटी, आजोबांच्या धोतराचे चौकोन, तिकोनी लंगोट. मला ते सगळं जुनाट वाटलं होतं. एका दिवशी मी मोजले, बावीस लंगोट निघाले. पण त्या मोजण्याचाच उपयोग झाला. पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी विचारलं, "शू दिवसातून किती वेळा?" पहिल्या आठवड्यानंतर बाळानं दिवसात निदान सहा वेळा कपडा ओला करायला हवा, दूध पोटभर मिळतंय याची ती घरच्या घरी कळणारी खूण. लंगोटवाल्यांकडे या प्रश्नाचं उत्तर तयार असतं. फेकायच्या डायपरमधली जेल सगळं पिऊन कोरडी ठाक दिसते, त्यात एकदा झाली की तीनदा, कळत नाही.

कापडी डायपर आणले दोन महिन्यांची झाल्यावर. बारा कव्हर, चोवीस पॅड, सगळे मिळून साधारण साडेसात हजार. ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: बाहेरचं कव्हर म्हणजे पॉलिस्टरचं कापड, आतून पाणी अडवणारा पातळ थर दिलेलं. पुढे टिचबटणांच्या रांगा, त्या लावून लहान-मोठं करायचं. आत पॅड. हा पॅड सुती, बांबूचा किंवा मायक्रोफायबरचा असतो. खोक्यावर लिहिलेलं असतं '५ ते १७ किलो'. लेक साडेचार किलोची होती, आणि तिच्या मांडीपाशी माझं बोट सहज जाईल एवढी फट राहायची. साडेपाच किलोला नीट बसायला लागलं. बारीक चणीचं बाळ असेल तर घाई करू नका, तोवर लंगोटच बरे.

नवीन सुती पॅड पाणी पीतच नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कापसाचा मूळचा तेलकटपणा जायला पाच-सहा धुण्या लागतात. मी एकदा धुऊन बांधला आणि शू पॅडवरून ओघळून थेट माझ्या मांडीवर. तेव्हा वाटलं, माल खराब आला.

दुसरा धडा रात्री तीनला मिळाला. तीन रात्री लागोपाठ गळती, अंगातलं झबलं पाठीपर्यंत ओलं. मी कंपनीला तक्रार लिहायला बसलो होतो, तेवढ्यात बायकोनं टॉर्च धरून नीट पाहिलं. पॅडचा एक कोपरा मांडीच्या इलॅस्टिकबाहेर डोकावत होता. चिंचोळी, करंगळीभर कड. समईतली वात तेल ओढते तसं ते टोक आतलं सगळं पाणी बाहेर ओढून झबल्याला देत होतं. तेव्हापासून बांधून झालं की दोन्ही मांड्यांवरून बोट फिरवायचं, पांढरं काही दिसलं तर आत सारायचं. आमच्या निम्म्या गळत्या इथेच थांबल्या. राहिलेल्या निम्म्या मायक्रोफायबरमुळे होत्या. तो पटकन पितो, पण दाबला की स्पंजसारखा सोडतो, आणि कडेवर घेतलं की दाब येणारच. शिवाय तो थेट कातडीला लावायचा नसतो. मी ते सहा पॅड आता गाडी पुसायला वापरतो.

धुणं. आमच्याकडे भांडी-फरशीला येणाऱ्या मावशींना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, हे तुमचं काम नाही. काही घरांत गुपचूप ते त्यांच्याच बादलीत जातं, आणि मग लोक लिहितात 'अजिबात त्रास नाही'. आपल्या पोराची शी-शू आपण धुवायची तयारी नसेल तर कापडीच्या फंदात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पद्धत अशी बसली: शीचं असेल तर लगेच कमोडवर धरून जेट मारायचा. परदेशी व्हिडिओंमध्ये बायका हौसेनं 'डायपर स्प्रेयर' बसवून घेताना दिसतात, आपल्याकडे तो प्रत्येक संडासात आधीपासून लटकलेला आहे. मग सगळं एका जाळीच्या टोपलीत, झाकण न लावता. झाकलेल्या बादलीत भिजवून ठेवलं की दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात पाऊल टाकवत नाही. रात्री मशीनला आधी नुसत्या गार पाण्यात एक फेरी, मग ४० अंशांवर नेहमीची. कव्हरला त्याहून गरम पाणी नको, आतला थर सुटतो. कपड्यांना मऊपणा आणणारं सुगंधी लिक्विड तर अजिबात नको, त्याचा लेप बसला की पॅड पाणी पिणं सोडतो. माझ्या आईनं प्रेमानं दोन आठवडे ते घातलं होतं.

एप्रिलमध्ये सोसायटीत टँकर सुरू झाले आणि पॅडना वास यायला लागला. धुतलेले असताना नाही, ओले झाल्यावर. डोळ्यांत पाणी येईल असा अमोनियाचा भपका. टँकरच्या जड पाण्यात पावडर नीट निघत नव्हती. पॅड तेवढे काढून कडकडीत पाण्यात तासभर भिजवले, बादलीत फेस आला, पावडर न घालता! दोन वेळा असं केलं आणि मशीनला एक खळबळणं वाढवलं, तेव्हा वास गेला.

उन्हाबद्दल मात्र लिहावं तेवढं थोडं. अंगावरच्या दुधाची शी पिवळी धमक, कितीही घासा, डाग राहतोच. मी एक पॅड तसाच पिवळा, ओला बाल्कनीत टाकला. दुपारी काढायला गेलो तर डाग कुठे होता ते मलाच सापडेना. आई म्हणाली, "अरे, ऊन आहे ते, दुसरं काय असणार." मार्च-एप्रिलमध्ये सकाळी घातलेला जाड पॅड दुपारच्या आत खडखडीत. या दोन महिन्यांत मी ऑफिसात तिघांना कापडी डायपर घ्यायला लावले. त्यांची माफी.

कारण २६ मे. त्या दिवशी मान्सून पुण्यात आणि मुंबईत दाखल झाल्याची घोषणा झाली, नेहमीपेक्षा बरेच दिवस आधी. तसा पाऊस त्याच्याआधीच पडत होता. लेक साडेचार महिन्यांची, दिवसाला आठ पॅड, आणि एकही वाळत नाही. सहा थर एकत्र शिवलेला पॅड बाहेरून कोरडा लागतो, मधे चिमटीत धरला की गार. दोन दिवस पंख्याखाली, तरी गारच. घरातल्या प्रत्येक खुर्चीवर पॅड, देवघराच्या दारावर कव्हर, इस्त्री दिवसातून दोनदा. इस्त्रीनं वरचा थर भाजतो आणि आतला दमट राहतो, हेही शिकलो. विजेचं बिल मी बायकोला दाखवलं नाही.

आईला याचं फार हसू येत होतं. कोकणात पावसाळा म्हणजे चार महिने. ती सांगते, शेगडीत निखारे घालून त्यावर बांबूची टोपली उपडी ठेवायची आणि टोपलीवर दुपटी पसरायची, घराला कायम धुराचा वास. आमच्या डॉक्टरांनी बाळाजवळ धूर नको म्हणून धुरीसुद्धा बंद करायला लावली होती, त्यामुळे तो रस्ता बंद. पण तिनं माझा पॅड हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं, "हे उलगडत का नाही?"

बास. सगळा प्रश्न तेवढाच होता. जे शिवलेलं आहे ते वाळत नाही, जे उलगडतं ते वाळतं. गाठोड्यातले धोतराचे चौकोन परत बाहेर काढले. चौकोनाची उभी घडी, पुन्हा घडी, तिसरी घडी, झाला पॅड. तो नव्या कव्हरमध्ये ठेवायचा. धुताना उलगडून एकेरी पसरला की भर जुलैत पंख्याखाली चार-पाच तासांत कोरडा. फडका एकेरी असल्यानं आतपर्यंत स्वच्छही निघतो. मी आणखी पंधरा मलमलचे चौकोन शिवून आणले, शिलाईसकट हजार रुपयांत. साडेसात हजारांतले जाड पॅड ऑक्टोबरपर्यंत कपाटात. आज कुणी विचारलं तर मी म्हणेन, सहा-सात चांगली कव्हर घ्या आणि आत घालायला घरातलं जुनं धोतर फाडा. बांबू वगैरे छान मऊ असतो, पण वाळायला सुतीपेक्षाही आळशी.

पावसातच पुरळ आलं. जांघेत लालभडक चट्टा आणि कडेनं सुटे ठिपके. मी आपला नेहमीचं झिंकचं मलम चोपडत राहिलो, चार दिवस गेले, वाढतच चाललं. डॉक्टरांनी पाहताच सांगितलं, बुरशी आहे, ओल आणि ऊब तिला आवडते. त्यांच्या मलमानं आठवड्यात बरं झालं. 'कापडी वापरलं की रॅश होतच नाही' असं लिहिणाऱ्यांना नमस्कार. कापडी असो की दुसरं, ओलं राहिलं की होतं, आणि कापडी दर दोन-अडीच तासांनी बदलावंच लागतं. मलम लावल्यावर मधे एक पातळ फडका ठेवा, नाहीतर ते पॅडवर बसतं आणि पॅड निकामी. पावडर डॉक्टरांनी बंद केली, भुकटी श्वासात जाते म्हणून. आईची त्यावरची नाराजी अजून गेलेली नाही.

आईची दुसरी तक्रार: एवढा जाड बोळा दोन पायांत, पाय फेंगडे होतील. हेही विचारून घेतलं. या वयात सगळ्याच बाळांचे पाय थोडे बाकदार असतात, दीड-दोन वर्षांपर्यंत सरळ होत जातात, डायपरचा संबंध नाही. खरी अडचण कपड्यांची. तिच्या मापाची चड्डी कापडी डायपरवर चढत नाही, दोन माप मोठी घ्यावी लागते आणि मग पाय लोळतात.

जुलैत उष्टावण झालं. नाचणीचं सत्त्व, खिमट, भोपळा. त्याबरोबर शी बदलली, एवढं सांगून मी जेवणाऱ्यांची काळजी घेतो. आता पॅडवर पातळ कागदी लायनर टाकतो, तो उचलून आतलं कमोडमध्ये झटकायचं आणि कागद कचऱ्यात. पाकिटावर 'फ्लश करता येतो' लिहिलेलं असतं, पण मी एकदाच केलं. प्लंबरला साडेसहाशे.

आठव्या महिन्यापासून खरी परीक्षा बांधण्याची आहे. लेक पाठीवर पाच सेकंद राहते, मग पलटून रांगत सुटते. टिचबटणं अशा वेळी शत्रू. वेल्क्रोची दोन कव्हर आहेत ती एका हातानं लागतात, पण धुण्यात तो वेल्क्रो बाकीच्यांना चिकटून माळ होते आणि सहा महिन्यांत त्याची पकड निम्मी झाली.

फेकायचे डायपर आम्ही वापरतो का? हो. रात्री एक, प्रवासात, आणि सप्टेंबरपासून पाळणाघरात. तिथल्या ताईंनी कापडी ठेवायला सरळ नकार दिला, आणि दहा मुलं सांभाळणाऱ्या बाईशी मी वाद घालणार नाही. रात्रीसाठी दोन चौकोन, तीन चौकोन, सगळं करून पाहिलं. ती दर तीन तासांनी उठायची आणि आम्हीही. जेलवाला डायपर बांधला त्या रात्री सलग सहा तास झोपलो, मग तत्त्वं बाजूला ठेवली.

पैशांचं बोलायचं तर पूर्ण वेळ फेकायचेच वापरले असते तर दिवसाला सहा, बारा रुपयांना एक, महिन्याला एकवीसशेच्या पुढे. २२ सप्टेंबरपासून जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यानं थोडा फरक पडला. पाळणाघर सुरू होईपर्यंत आमचे महिन्याला पाचशेच्या आत जात होते, आता हजाराच्या आसपास. कव्हर-पॅडचे पैसे पाचव्या महिन्यात वसूल झाले. माझे रोजचे पाऊण तास यात धरलेले नाहीत.

वापरलेले डायपर कचऱ्यात देताना एक करा. कागदात गुंडाळून वर लाल ठिपका. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या ताई हे कधीपासून सांगताहेत, कारण त्यांना हातानं वर्गीकरण करावं लागतं. मी आधी तसाच पिशवीत टाकायचो. एका सकाळी आमच्या मजल्यावर येणाऱ्या ताईंनी माझ्यासमोर पिशवी उघडली, एक शब्द न बोलता तो बाजूला काढला आणि माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून दाराशी रद्दी आणि लाल स्केचपेन ठेवलेलं आहे.

दहा महिन्यांनंतरची मालाची स्थिती: बारापैकी नऊ कव्हर उत्तम. दोघांचं मांडीचं इलॅस्टिक सैल झालं, एकाचं टिचबटण उपटून आलं. कंपनीनं फोटो मागितले, व्हिडिओ मागितला, मग वॉरंटी सहा महिन्यांची होती असं कळवलं. धोतराचे चौकोन जसेच्या तसे, उलट अधिक मऊ.

गेल्या आठवड्यात पॉटी आणलीय, पिवळी, बदकाच्या आकाराची. अजून बरीच लवकर आहे हे मान्य. लेक सध्या त्यात चमचे ठेवते, आणि दांडीवरचे खाली लोंबणारे चौकोन ओढून ओढून त्यावर झाकते.