सिबिल स्कोअर: तुमचा बँकेपुढे, भाडेकरूचा तुमच्यापुढे

चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळात एखादा फ्लॅट घ्यायचा, तो भाड्याने द्यायचा आणि कर्जाचा हप्ता भाड्यातून भागवायचा, असा विचार मुंबईत नोकरी करणाऱ्या बऱ्याच कोकणी घरांत चालू असतो. या व्यवहारात सिबिल स्कोअर, म्हणजे आजवरच्या कर्जफेडीवरून सिबिल ही संस्था माणसाला देते तो आकडा, दोनदा समोर येतो. एकदा तुमचा, बँकेच्या टेबलावर. दुसऱ्यांदा भाडेकरूचा, तुमच्या ओटीवर. दोन्हीकडे आकडा 300 ते 900 मधलाच. पण पहिल्या ठिकाणी त्याला जेवढं वजन द्यायचं, त्याच्या निम्मंही दुसऱ्या ठिकाणी देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

कर्ज घेताना

समजा फ्लॅट 30 लाखांचा, कर्ज 25 लाखांचं, मुदत 20 वर्षं. चांगल्या स्कोअरवर व्याज 8.5 टक्के लागलं तर हप्ता साधारण 21,700 रुपये बसतो. स्कोअर कमी म्हणून 9.5 टक्के लागलं तर 23,300. महिन्याला 1,600 रुपयांचा फरक, म्हणजे वर्षाला 19 हजारांच्या वर. फ्लॅटला 10 हजार भाडं येणार असेल, तर दर वर्षी जवळजवळ दोन महिन्यांचं भाडं या फरकातच गेलं. शिवाय 8.5 टक्क्यांनीसुद्धा भाड्यातून निम्मा हप्ता निघत नाही, हेही या आकड्यांतच दिसतं. उरलेले 11-12 हजार दर महिन्याला पगारातून घालण्याची तयारी असेल तरच पुढे जावं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च सहसा कर्जात धरला जात नाही, तो वेगळा.

मग आत्ताच घ्यावं की थांबावं? स्कोअर कशामुळे पडलाय त्यावर हे ठरतं. क्रेडिट कार्डाची मर्यादा सतत काठोकाठ वापरल्यामुळे पडला असेल, तर थकबाकी उतरवून काही महिने थांबणं फायद्याचं. 1 जानेवारी 2025 पासून बँकांनी सिबिलसारख्या संस्थांना निदान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे, त्यामुळे सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर दिसते. पण एखादं जुनं कर्ज तडजोडीने मिटवून अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडला असेल, तर चार-सहा महिन्यांनी काही हलत नाही.

आपल्याकडे नेहमी राहून जाणारी गोष्ट म्हणजे जामीनकी. भावाच्या गाडीच्या किंवा मेव्हण्याच्या धंद्याच्या कर्जाला तुम्ही सही केली असेल, तर ते कर्ज तुमच्याही अहवालात असतं, आणि त्यांनी हप्ते थकवले तर झळ तुम्हाला लागते. फ्लॅटचं टोकन देण्याआधी स्वतःचा अहवाल काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो आणि स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही. चूक आढळली तर तक्रार करा. 30 दिवसांत ती मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने केला आहे.

फ्लॅटऐवजी गावचं घर दुरुस्त करून भाड्याने द्यायचं असेल, तर हे सगळं जवळजवळ निरुपयोगी ठरतं. सातबारा सामाईक असेल आणि त्यावर चुलते-पुतण्यांची पंधरा नावं असतील, तर 800 स्कोअर असूनही बँकेचा वकील फाईल परत करतो. तिथे आधी वाटप आणि नावांचा निकाल, नाहीतर साठवलेला पैसा आणि सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती.

भाडेकरू ठेवताना

घरमालकाला भाडेकरूचा सिबिल अहवाल परस्पर काढता येत नाही. ती मुभा कायद्याने बँका, वित्तसंस्था अशा ठरावीक संस्थांनाच आहे. भाडेकरूने स्वतः काढून दाखवला तर पाहावा, आणि त्याची प्रत आपल्याकडे ठेवून घेऊ नये. त्यात त्याचा पॅन क्रमांक आणि सगळ्या कर्जांचा तपशील असतो.

आता दोन माणसं शेजारी ठेवून बघा. एक लोटे एमआयडीसीत नोकरीला, स्कोअर 780. दुसरं हर्णैचं मच्छीमार कुटुंब, मुलांच्या शाळेसाठी दापोलीत खोली शोधणारं, स्कोअरच नाही. पहिल्याची निवड सोपी वाटते, पण 780 एवढंच सांगतो की त्याने कर्जाचे हप्ते वेळेवर भरले. घरभाडं या अहवालात सहसा येतच नाही. आधीच्या घरमालकाचे तीन महिने बुडवलेला माणूसही 780 वर असू शकतो. म्हणून अशा अहवालात मी स्कोअरच्या आधी दोन गोष्टी बघेन: चालू हप्त्यांची बेरीज पगाराच्या किती आहे, आणि गेल्या काही महिन्यांत त्याने किती ठिकाणी कर्ज मागितलंय. पगाराचा अर्धा भाग हप्त्यांत जात असेल, तर स्कोअर कितीही असो, भाडं मागे पडणार.

स्कोअर नसणं म्हणजे स्कोअर वाईट असणं नव्हे. बँकेचं कर्ज किंवा कार्ड कधी घेतलंच नसेल तर आकडा तयार होत नाही, एवढंच. किनाऱ्यावरची बरीच देणीघेणी पतसंस्था, भिशी आणि दलालाच्या उचलीवर चालतात. बहुधा सिबिलपर्यंत पोहोचतच नाहीत. अशा माणसाला आकड्यासाठी दारातून परत पाठवणं मला अन्यायाचं वाटतं आणि मालकाच्याही तोट्याचं. त्याच्याकडे पतसंस्थेचं पासबुक मागा, वीजबिलाच्या पावत्या बघा, आणि मुख्य म्हणजे आधीच्या घरमालकाला फोन करा. तालुक्याच्या गावात हा फोन सिबिलपेक्षा जास्त सांगतो.

दोघांसाठी करार मात्र सारखाच कडक हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर वाद झाल्यावर भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात. उलट सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याच्या कराराची, नोंदणी ऑनलाईन होते, ओळखीचा माणूस म्हणून ती टाळू नका. पोलीस ठाण्यातही कळवा.

मच्छीमार कुटुंबाच्या करारात एक अट वाढवावी. पावसाळ्यात साधारण 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा हातात रोकड नसते. म्हणून त्या दोन महिन्यांचं भाडं हंगामात, मे अखेरपर्यंत आगाऊ द्यायचं, असं आधीच लिहून घ्या.