‘प्राचीन मंदिरं आणि पवित्र लेणी, एका दिवसात’: सोलापूरकरांनो, या सहलीला पैसे भरू नका

५,८५० रुपये आगाऊ, १,२०० रुपये ‘लेणी परवानगी’ म्हणून रोख, ५५१ रुपये अभिषेकाचे, १,१०० रुपये रुद्राक्षाच्या माळेचे. एकूण ८,७०१ रुपये. एवढे घेऊन एका माणसानं आम्हाला धाराशिवच्या बसस्थानकाबाहेर भर दुपारी सोडून दिलं आणि तो पसार झाला. सोबत गुडघ्यांनी हैराण झालेली माझी आई, बायको आणि पाचवीतली लेक. इतके दिवस घराबाहेर कुणाला बोललो नव्हतो, लाज वाटत होती. कारखान्यात मी हिशेब बघतो, लोकांची बिलं तपासतो, आणि मलाच कुणीतरी गंडवून जातो हे कुठल्या तोंडानं सांगायचं? पण तीच जाहिरात, तेच फोटो, फक्त नाव बदलून पुन्हा ग्रुपवर फिरायला लागलीय. आता गप्प बसवत नाही.

जाहिरात श्रावणाच्या तोंडावर आली. सकाळी हत्तरसंग कुडल, दुपारी तेर, संध्याकाळी धाराशिव लेणी. एसी मिनीबस, नाश्ता, जेवण, ‘पुरातत्त्व खात्याचा अधिकृत मार्गदर्शक’. मोठ्यांना १,६५०, लहानांना ९००. आईनं तेरचं नाव वाचलं आणि तिथंच विषय संपला. गोरोबाकाकांच्या समाधीवर डोकं टेकवायचं तिच्या मनात किती वर्षांपासून आहे. पंढरपूर होतं, तुळजापूर होतं, अक्कलकोट होतं, तेर मात्र प्रत्येक वेळी राहून जातं. तेव्हा मला कुणी ‘लोभाला बळी पडलास’ म्हणू नये. स्वस्तात काही मिळतंय म्हणून मी गेलो नव्हतो. चौघांचे जवळजवळ सहा हजार म्हणजे स्वस्त नव्हे. दारात गाडी येईल, आईला गाड्या बदलाव्या लागणार नाहीत, एवढ्यासाठी दिले होते.

आता ज्या क्षणाबद्दल माझा स्वतःवरचा राग अजून जात नाही, तो सांगतो. पैसे भरायला त्यानं क्यूआर कोड पाठवला. स्कॅन केल्यावर ट्रॅव्हल्सचं नाव यायला पाहिजे होतं. आलं एका मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानाचं. स्क्रीनवर ठळक अक्षरात. मी थांबलो, रक्कम टाकलेली होती, पिन टाकायचा बाकी होता. बायको म्हणाली, “नाव वेगळं दिसतंय की.” मी लगेच फोन लावला. तो इतक्या सहज बोलला, “काका, ते आपल्या भावाचं खातं आहे. फर्मच्या खात्यावर घेतलं की जीएसटी लावावा लागतो, तुमचेच पैसे वाचतात.” आणि मी पिन टाकला. ५,८५०. बिल मागितलं तर म्हणाला, गाडीत बसल्यावर देतो. आज ते सगळं लख्ख दिसतं. पण मला सांगा, आपल्यातला कोण हे रोज करत नाही? भाजीवाल्याचा कोड मेव्हण्याच्या नावावर, रिक्षावाल्याचा बायकोच्या नावावर. नाव वेगळं दिसलं म्हणून व्यवहार थांबवायची सवयच राहिलेली नाही, आणि हे लोक नेमके त्याच सवयीवर जगतात. भाजीच्या ४० रुपयांना चालतं, ते सहलीच्या आगाऊ रकमेला चालवू नका. फर्मचं नाव आणि खात्याचं नाव जुळत नसेल तर पिन टाकायचाच नाही, समोरचा काहीही सांगो.

रविवारी सकाळी सोलापूरच्या ‘सात रस्ता’ चौकात गाडी आली. मिनीबस नव्हती, जुनी सतरा सीटची टेंपो ट्रॅव्हलर होती, आणि नंबर प्लेट पांढरी. भाड्यानं चालणाऱ्या गाडीला पिवळी प्लेट लागते, हे कुणाला माहीत नाही? पण सगळे चढलेले, आईला खिडकीची जागा मिळालेली, अशा वेळी प्लेटवरून वाद कोण घालतो! तुम्ही घाला. पांढरी प्लेट असेल तर अपघातानंतर विम्याचं काय होईल हा प्रश्न पैशापेक्षा मोठा आहे.

गाईडच्या गळ्यात ओळखपत्र होतं, त्यावर राजमुद्रा, खाली ‘अधिकृत’. नंबर नाही, सही नाही. विजापूर रोडला लागल्यावर त्यानं वही काढली आणि ‘लेणी परवानगी शुल्क’ माणशी ३०० रुपये गोळा करायला सुरुवात केली. रोख. माझ्या लेकीचेही ३००. मी विचारलं, पोरीचे कशाला? म्हणाला, “पुरातत्त्वचा नियम आहे साहेब, डोकी मोजतात.” नियम असा आहे की केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या तिकीट लागणाऱ्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नसतं. आणि जिथं तिकीट असतं तिथं ते खिडकीवर किंवा ऑनलाइन मिळतं, दराची पाटी लावलेली असते. चालत्या गाडीत वहीवर तिकीट फाडणारं पुरातत्त्व खातं देशात कुठंही नाही. हे मला घरी आल्यावर कळलं. गाडीत पुढच्या सीटवरच्यांनी मुकाट्यानं दिले, मग आपण एकटे कसे अडायचं, म्हणून मीही दिले.

कुडलला भीमा आणि सीना मिळतात. पावसाळ्याचं गढूळ पाणी, काठाला संगमेश्वराचं आणि हरिहरेश्वराचं देऊळ. जागा खरंच डोळ्यांचं पारणं फेडणारी आहे, आणि म्हणूनच जास्त चीड येते. ३५९ मुखं कोरलेलं ते प्रचंड शिवलिंग आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यात, घरापासून तासाभरावर आहे. त्यासमोर उभं राहून हा माणूस सांगतो, “पांडवांनी एका रात्रीत बांधलं.” आमच्या गाडीत एक निवृत्त गुरुजी होते. त्यांनी विचारलं, शिलालेख दाखवता का? संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवरचा तो लेख शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा, मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जाणारा. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी ज्या चिकाटीनं असे लेख शोधले, वाचले, त्याच सोलापुरात ‘अधिकृत’ गाईड म्हणतो, “तो लेख पुरातत्त्वनं काढून म्युझियमला नेला.” गुरुजी काही न बोलता आत गेले, मोबाईलची बॅटरी वर धरली आणि माझ्या लेकीला बोलावून एकेक अक्षर दाखवलं. दगडात उथळ कोरलेली, मधेच झिजलेली अक्षरं. गाईड तेवढ्यात बाहेर जाऊन फोनवर बोलत होता. मी तिथंच त्याची गचांडी धरायला हवी होती. पण आई एव्हाना त्यानं गाठून दिलेल्या माणसापुढं अभिषेकाला बसली होती. “आज्जी, श्रावणातला योग पुन्हा येत नाही.” ५५१ रुपये. पावती मागितली तर कोऱ्या कागदावर ५५१ आकडा लिहून दिला, ना देवस्थानाचं नाव, ना शिक्का. आईच्या हातात फुलं असताना भांडण करायचं नाही, एवढा विचार मी केला, आणि तो बरोबरच होता असं आजही मानतो.

तिथून मागं फिरून सोलापूर, मग तुळजापूर रोड. कुडल एका टोकाला, तेर दुसऱ्या टोकाला. नकाशा उघडून अंतरं बघितली असती तर एवढं एका दिवसात आरामात होत नाही हे आधीच दिसलं असतं. घाटाच्या अलीकडं गाडी एका दुकानापुढं उभी केली आणि तासापेक्षा जास्त वेळ तिथंच. रुद्राक्ष, स्फटिक, गुडघ्याचं तेल. आईनं माळ घेतली, १,१०० रुपये. तसलीच माळ नंतर मी सोलापुरात १५० ला बघितली. जेवण म्हणजे वडापाव आणि केळं. चौकशी केली तर “तेरला भक्तनिवासात पंगत सांगितलीय”.

तेर आलंच नाही. धाराशिवला बसस्थानकासमोर गाडी थांबवून तो उतरला, “लेण्यांच्या परवानगीवर सही घेऊन येतो, दहा मिनिटं.” मग फोन बंद. ड्रायव्हर म्हणाला, “मला इथपर्यंतचंच भाडं ठरलंय साहेब, तेही अर्धंच मिळालंय. मला माझी गाडी घेऊन जायचंय.” आणि त्यानं सगळ्यांना खाली उतरवलं.

लेक रडायला लागली म्हणून मी रिक्षा केली आणि स्वतःच लेण्यांवर गेलो. शहरापासून सात-आठ किलोमीटर, बालाघाटाच्या डोंगरात. आई रिक्षातच बसली. तिथं तिकीटखिडकी नाही, वही नाही, ‘परवानगी’ विचारणारं कुणी नाही. गुरं राखणारा एक म्हातारा म्हणाला, “कसलं शुल्क? या की, बघा की.” मोठ्या लेण्याचा तो दालनाएवढा अंधार, बाजूच्या खोल्या, पद्मासनातली मूर्ती. मूळची बौद्ध लेणी, पुढं जैन झाली असं अभ्यासक मानतात, ते लेकीला माझ्या परीनं सांगितलं. माणशी ३०० देऊन जे दाखवणार होते, ते सगळ्यांना फुकट, उघडं आहे. रात्री एसटीनं परत आलो. रिक्षाचे आणि एसटीचे पैसे वरच्या हिशेबात मी धरलेलेच नाहीत.

आता तक्रारीचं. आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सोडलं धाराशिवला ना? मग हद्द तिकडची.” तिकडच्या ठाण्यात फोन केला, तिथलं उत्तर, “पैसे सोलापुरात दिले ना? मग सोलापूरचीच हद्द.” दोन जिल्हे, दोन ठाणी, आणि मधे मी. पुन्हा इथं आलो तर साहेब म्हणाले, “कुडल दाखवलं म्हणता, म्हणजे ट्रिप झाली. अर्धवट सेवा हा दिवाणी मामला.” अहो, खोटं ओळखपत्र घालून, सरकारी खात्याच्या नावानं प्रत्येकी ३०० रुपये उकळणं हा दिवाणी मामला? भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं ३१८ कलम कशासाठी आहे? आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यायची, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमातच लिहिलंय. मी तो कागद छापून नेला. वाचलाही नाही. “आठ हजारासाठी कशाला एवढे हेलपाटे घालताय, काका?” शेवटी साधा अर्ज घेतला, पोचही देईनात. मी बाकावर बसून राहिलो तेव्हा कुठं शिक्का मारून मिळाला. पोच घेतल्याशिवाय कुठल्याही कार्यालयातून उठू नका.

पर्यटनवाले म्हणाले, त्यांची आमच्याकडं नोंद नाही, म्हणून आम्ही काही करू शकत नाही. म्हणजे नोंदणी करणारा प्रामाणिक माणूस तुमच्या कक्षेत, आणि न करणारा चोर मोकळा! पुरातत्त्वच्या कार्यालयात एका बाबूनं खोट्या ओळखपत्राचा फोटो बघितला, हसला, आणि पोलिसांकडं जायला सांगितलं. बँकेनं ऐकवलं, पिन तुम्हीच टाकलात. त्या मोबाईल दुकानाच्या खात्याचं नाव माझ्या स्क्रीनशॉटवर स्पष्ट आहे. पोलिसांनी एका दिवसात त्या माणसाला समोर बसवलं असतं. कुणालाच बसवायचं नाही.

आणि आमच्याच गाडीतले लोक! सगळ्यांचे पैसे गेले. तक्रारीवर सह्या करा म्हटलं तर “जाऊ द्या हो, देवाधर्माला दिले समजायचे”. देवाला दिलेले नाहीत ते, चोराला दिलेत. गुरुजी तेवढे सोबत आले.

ऑनलाइन पैसे गेल्याचं कळताच १९३० वर लगेच फोन करा, मी उशीर केला तसा करू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी लागत नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांची मुदत असते, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तिथं हद्दीचं रडगाणं चालत नाही. मी तिथं तक्रार टाकली आहे. रोख दिलेल्या पैशाचा पुरावा नसतो, म्हणून रोख मागितली की समोरच्याचा आवाज फोनवर रेकॉर्ड करा.

नव्या जाहिरातीत फोटो तोच आहे: कुडलचं शिवलिंग, त्यावर झेंडूचा हार, उजव्या कोपऱ्यात लाल छत्री घेतलेली बाई. दर आता १,७५० केलाय. आमच्या गाडीत त्या रविवारी जे होते त्यांनी पैसे भरल्याचे स्क्रीनशॉट पुसू नका. ग्राहक आयोगातल्या तक्रारीला नावं जोडायची आहेत. गुरुजींकडं किंवा माझ्याकडं आणून द्या, झेरॉक्सचा खर्च मी करीन.