दिवाळी ते आषाढ: आमच्या भागातलं टॅपरूम आणि बियर गार्डन

मार्च ते जून या दिवसांत या टॅपरूममध्ये, म्हणजे जिथे बनते तिथेच बियर मिळते अशा जागी, संध्याकाळी साडेसातच्या आत जाऊ नका. बाकीचं सगळं नंतर सांगतो. सोलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये ४० च्या वर जातो, बागेतली फरशी दिवेलागणीनंतरही भाजत असते आणि कोपऱ्यात लावलेले पाण्याचे फवारे मारणारे पंखे चष्म्याच्या काचा ओल्या करण्यापलीकडे काही करत नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र हीच बाग गावातली बसायची सगळ्यात चांगली जागा आहे, असं मी कुणाशीही वाद घालून म्हणेन.

जागा जुळे सोलापूरच्या बाजूला. काचेमागे स्टीलच्या टाक्या, बाहेर कडुलिंबाची मोठी झाडं, त्यांच्याखाली लांब लाकडी बाकं. दिवाळी झाल्यावर जायला लागलो, आता आषाढ चालू आहे. मधले बहुतेक शनिवार तिथेच गेले.

गव्हाची बियर हा इथला खणखणीत माल. जर्मन पद्धतीची हेफेवायझन, म्हणजे माल्टमध्ये (मोड आणून वाळवलेल्या धान्यात) निम्मा किंवा जास्त गहू, आणि न गाळलेली असल्यामुळे गढूळ. पहिल्या घोटाला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. शेजारच्या टेबलावरच्या एका अण्णांनी पोऱ्याला विचारलंच, "काय बे, केळं घातलंय का ह्यात?" घातलेलं काही नसतं; तो वास बियर आंबवणारं यीस्टच तयार करतं. पण त्याच यीस्टला उकाडा सोसत नाही. आंबवण २० अंशांच्या आसपास राहिली तर केळं, फार तापली तर नेलपॉलिश. एप्रिलमधल्या एका टाकीला अगदी तसाच वास होता. मी ग्लास परत केला, त्यांनी कुरकुर न करता बदलून दुसरी बियर दिली. पुढची टाकी पुन्हा ठीक होती. टाक्या गार ठेवणाऱ्या चिलरला जनरेटर जोडला असं नंतर कळलं.

आयपीएबद्दल, म्हणजे हॉप्सची कडू फुलं भरपूर घातलेल्या बियरबद्दल, सुरुवातीला माझं मत वाईट होतं. कडू असायला हरकत नाही, ती कडूच असते, पण ही जिभेवर कोरड्या चहापत्तीसारखी तुरट राहायची. स्टाउट ही काळी बियर मात्र त्याच दिवसांत मऊ, भाजक्या कॉफीच्या चवीची, उत्तम. एकाच हाताची बियर, मग फरक का? एका मंगळवारी गर्दी नव्हती तेव्हा बियर बनवणाऱ्या पोरानं कारण सांगितलं: पाणी. उजनी धरणाचं पाणी नळाला रोज कुठे येतं, चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळे सुरुवातीला बोअरच्या पाण्यावर भागवत होते. बोअरचं पाणी जड, त्यात आम्ल मारणारं बायकार्बोनेट भरपूर. फिकट माल्ट त्या पाण्यात शिजवलं की टरफलातला तुरटपणा उतरतो. काळं भाजलेलं माल्ट स्वतःच आम्लधर्मी असल्यामुळे त्या पाण्याला सावरून घेतं. आता आरओ लावून त्यात हवे तेवढे क्षार घालतात: हॉप्सचा कडूपणा नेटका उठवायला जिप्सम, माल्टची गोलाई हवी तर कॅल्शियम क्लोराईड. आयपीए सुधारली. पुण्याच्या चांगल्या जागांच्या तोडीची नाही, पण तुरटपणा गेला.

मला वाटतं हेच या जागेचं खरं आहे. पुण्यासारखं काही करायला जातात तेव्हा फसतात आणि सोलापूरचं काही हाताला लागलं की जमतं. पिझ्झा घेऊ नका, रबर आहे. शेंगाची चटणी, कांदा आणि कडक भाकरीची ताटली मागवा. गव्हाच्या बियरबरोबर ती इतकी जमते की आमच्या टेबलावर दुसरं काही येतच नाही. बाहेरचं खाणं चालत नाही, एवढी माझी एक तक्रार. जर्मनीतल्या बव्हेरियात १८१२ साली राजानं बियरवाल्यांना आपल्या तळघरांपाशी बियर विकायला परवानगी दिली, पण ब्रेड सोडून दुसरं काही खायचं विकायला बंदी घातली. म्हणून लोक डबा घेऊन यायला लागले आणि तिकडच्या बागांमध्ये ती पद्धत अजून आहे. मालकांना हे सांगून पाहिलं. ते हसले आणि मेन्यू पुढे केला.

जानेवारीत हुरड्याच्या दिवसांत त्यांनी ज्वारीची बियर काढली होती. मंगळवेढ्याची मालदांडी जातीची ज्वारी. ज्वारीला बार्लीसारखं टरफल नसतं, त्यामुळे गाळताना लगदा अडकतो. तिचा स्टार्चही बार्लीपेक्षा जास्त उष्णतेला मोकळा होतो, म्हणून ती आधी वेगळी शिजवावी लागते. शिवाय तिच्यात स्टार्चची साखर करायची ताकद कमी, ते काम बार्लीच्या माल्टवर सोपवायचं. एवढ्या खटाटोपानंतर हातात आली ती हलकी, कोरडी, किंचित आंबूस बियर. गड्ड्याच्या यात्रेला आलेल्या माझ्या पुण्याच्या मेहुण्यानं ती चाखली आणि आयपीएकडे पुन्हा पाहिलं नाही.

दुपारी गेलातच तर ग्लास उन्हात ठेवू नका. हॉप्समधली कडू द्रव्यं प्रकाशानं फुटतात आणि काही मिनिटांत बियरला कुबट, उग्र वास येतो. लोक त्याला "शिळी बियर दिली" म्हणतात, पण तिथे दोष उन्हाचा असतो. उन्हाळ्यात अर्धा ग्लास फेस येतो ती तक्रार मात्र खरी आहे. टाकीपासून नळापर्यंतची नळी तापली की बियरमधला गॅस सुटतो. नळ्यांना जाड आवरण घालायला हवं, ते अजून घातलेलं नाही. तोवर फेस बसेपर्यंत थांबा आणि ग्लास भरून घ्या. मागितलं की देतात.

भाव गावाच्या मानानं चढा आहे. शनिवारी स्पीकर इतका मोठा की शेजारच्याशी बोलता येत नाही, आठवड्याच्या मधल्या वारी मात्र शांत. स्वच्छतागृह स्वच्छ, बायकांसाठी वेगळं आणि दाराला धड कडी असलेलं. म्हणून आमच्या घरच्या मंडळीही येतात आणि कोकम सोडा घेऊन निवांत बसतात. २१ पूर्ण नसेल तर दारातच ओळखपत्र बघून परत पाठवतात, आणि ते बरोबरच आहे. आषाढीला ड्राय डे, त्या दिवशी फाटकाला कुलूप. गाडी नेऊ नका, रिक्षा सहज मिळते.

ज्वारीची पुढच्या हिवाळ्यात पुन्हा काढणार म्हणतात. या वेळी मालदांडीचं प्रमाण वाढवा आणि तिच्याबरोबर हुरडाही ठेवा, असं सांगून आलोय. हुरड्याला लगेच हो म्हणाले, प्रमाणाचं बघू म्हणाले.