टमी टक करून आठ-नऊ महिने झाले, बडोद्यातला माझा अनुभव

सगळ्यात आधी हे सांगून टाकते, टमी टकने, म्हणजे पोटाची सैल कातडी कापून स्नायू शिवायच्या ऑपरेशनने, वजन कमी होत नाही. अजूनही कोणी ना कोणी विचारतंच, किती किलो उतरले गं, आणि खरं सांगितलं की समोरचीचं तोंड पडतं. कातडी आणि चरबी मिळून माझं दीड किलोच्या आसपास काहीतरी निघालं आणि पहिल्या आठवड्यात सुजेमुळे काटा उलट पुढेच सरकला होता. ज्यांना दहा किलो उतरवायचेत त्यांनी ते आधी उतरवावेत, वजन काही महिने एका जागी टिकलेलं हवं, आणि अजून मूल हवं असेल तर थांबा, कारण पुन्हा दिवस राहिले की शिवलेलं सगळं परत ताणतं.

माझं कसं होतं, दोन बाळंतपणं, दुसरं सिझेरियन, वजन तसं ठीकठाक पण पोट कायम पाचव्या महिन्याचं. दांडिया बाजारातल्या एका मुंजीत तर एका मावशींनी सरळ विचारलं, काय गं, तिसरं का, आणि मी पण थकून हो म्हणून टाकलं. चेष्टा सोडा, खरा त्रास पाठीचा होता. ओट्याशी अर्धा तास उभं राहिलं की कंबर भरून यायची, आणि उताणं झोपून मान उचलली की पोटाच्या मधोमध एक उंचवटा उभा राहायचा. सोनोग्राफीत कळलं की पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेत, त्याला डायस्टॅसिस म्हणतात, दोन सेंटीमीटरच्या वर फट असली की धरतात, माझी जवळजवळ दुप्पट होती. फिजिओथेरपी मनापासून केली, पाठीला थोडा आराम पडला पण फट काही मिटली नाही. सासूबाईंचं एकच पालुपद, बाळंतिणीचं पोट घट्ट बांधायला हवं होतं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले बांधल्याने आधार वाटतो, पण एवढी फट त्याने मिटली नसती.

ऑपरेशनमध्ये नक्की काय करतात ते नीट समजून घ्या, कारण बऱ्याच जणींना वाटतं लायपोसक्शनसारखी नळीने चरबी ओढून घेतात. तसं नाही. खाली, सिझेरियनच्या टाक्याच्याही थोडं खालून, कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत काप घेतात, कातडी पार बरगडीपर्यंत सोडवतात, मधले स्नायू ओढून एकमेकांना शिवतात, मग कातडी खाली खेचून जास्तीची कापून टाकतात. बेंबी आपल्या जागीच राहते, वरून आलेल्या कातडीला तिच्यासाठी नवीन भोक पाडतात. म्हणजे बेंबीच्या खालचे स्ट्रेच मार्क बरेचसे कापलेल्या कातडीबरोबर जातात, वरचे मात्र राहतात, फक्त खाली सरकतात. माझा सिझेरियनचा वण तर गेलाच, त्याच्या बदल्यात हा लांबलचक आला.

तारीख मी मुद्दाम उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, झाल्यावरची घेतली. एक तर चौदा-पंधरा जानेवारीला घरात सगळे पतंग उडवायला गच्चीवर, माझ्याकडे बघणार कोण, आणि दुसरं म्हणजे नंतर जो प्रेशर गारमेंट, म्हणजे पोट दाबून धरणारा घट्ट कपडा, चोवीस तास घालायचा असतो तो बडोद्याच्या मे महिन्यात घालणं म्हणजे शिक्षाच. ज्या करणार असतील त्यांनी हे लक्षात ठेवा, थंडीतच करा.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर उभं करून पेनाने खुणा करतात. तेव्हा मी त्यांना परकराची नाडी कुठे बांधते ते दाखवलं आणि रोजची अंडरवेअर घालूनच गेले होते, त्यामुळे वण दोन्हीच्या खाली लपतो. हे तुम्ही स्वतःहून सांगा, पुरुष डॉक्टरला परकराची नाडी कुठे येते हे सुचेलच असं नाही. घरात कोणी सिगारेट ओढत असेल किंवा तंबाखूचा मावा खात असेल आणि तिला किंवा त्याला करायचं असेल, तर निदान महिनाभर आधी पूर्ण बंद, कारण निकोटिनने कातडीला रक्त कमी पोचतं आणि टाक्याची कड काळी पडून मरू शकते. यात सूट नाही.

पूर्ण भूल होती, तीनेक तास लागले, दोन रात्री दवाखान्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी उठवून चालवलं, मला रडू आलं, पण पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून ते करतातच, पायात घट्ट मोजे आणि रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शनही होतं. सिस्टर म्हणाली थोडा वांका वळीने चालजो बेन, आणि खरंच सरळ होताच येत नव्हतं, पोटाची कातडी एवढी ताणलेली की पुढचे आठ-दहा दिवस मी कंबरेतून वाकून चालत होते, धाकटा म्हणाला आई पणजीसारखी चालते.

घरची तयारी हाच अर्धा इलाज आहे, हे मी पैजेवर सांगते. सपाट झोपता येत नाही, पाठीमागे आणि गुडघ्याखाली उशा लागतात, आम्ही सरळ भाड्याने वरखाली होणारा बेड आणला. कमोड हवाच, खाली बसायचं नाव काढू नका. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि जोर लावणं तर अशक्य, इसबगोल पहिल्या दिवसापासून घ्या, डॉक्टरांना विचारून. शिंक, खोकला, हसू, तिन्ही वेळा उशी पोटाशी धरायची. शेजारच्या मासी सुखडी घेऊन भेटायला आल्या आणि एवढे जोक सांगत बसल्या की शेवटी मी हात जोडले.

दोन ड्रेन होते, म्हणजे कापाच्या बाजूने बाहेर काढलेल्या नळ्या आणि टोकाला रबरी फुगे, त्यात लालसर पाणी जमतं. मोठीच्या शाळेच्या जुन्या वहीत रोज मिली लिहायचो. चोवीस तासांत तीस मिलीच्या खाली आलं की काढतात, माझा एक लवकर निघाला, दुसरा लटकत राहिला. नळ्या निघाल्यावर काही दिवसांनी एका बाजूला पाण्याच्या पिशवीसारखं डुचमळायला लागलं. त्याला सेरोमा म्हणतात, या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना होतो, ओपीडीत सुईने काढला, दुखलं नाही कारण तिथे मुळात काही कळतच नव्हतं.

हे न कळणं आधी कोणी नीट सांगत नाही म्हणून इथे जरा लांबवते. बेंबीच्या खालचा भाग अगदी बधिर होतो, कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात ना. ओट्याची कड पोटाला लागली तरी समजत नाही, आणि तिथे गरम पाण्याची पिशवी चुकूनही ठेवू नका, भाजलं तरी कळणार नाही. पाळीच्या दिवसात हात आपोआप पिशवीकडे जातो म्हणून सांगते. आता हळूहळू जाग आलीय, मधूनच मुंग्या, मधूनच वीज चमकल्यासारखं, पण मधला तळहाताएवढा भाग अजून मुकाच आहे. काहींचा थोडा कायमचा राहतो म्हणे डॉक्टर.

गारमेंट सहा आठवडे. दोन घ्या, एक अंगावर एक वाळत. मार्चपर्यंत माझी सहनशक्ती संपली होती, कडेला घामोळं आलं. सहा आठवडे जड उचलायचं नाही, म्हणजे भरलेली बादली, कुकर, पोर, सगळं बंद, आणि ॲक्टिवा पण बरेच दिवस बंद, कारण अचानक ब्रेक लागला तर ताण पोटावरच येतो. सूज मात्र त्याहून चिवट निघाली. सकाळी सपाट, संध्याकाळी फुगलेलं, हे तीन-चार महिने चाललं. दुसऱ्या महिन्यात आरशात बघून पैसे वाया गेले असं वाटलं तर वाटू द्या, तो महिना तसाच असतो.

पैशाचं बोलते. सगळं धरून दोन लाखांच्या वर गेले. इन्शुरन्सवाले कॉस्मेटिक म्हणून हात वर करतात, सोबत बेंबीचा हर्निया असेल तर तेवढ्या भागाचं आधी लेखी विचारून बघा. कोटेशनमध्ये जीएसटी धरलाय का तेही विचारा, आजाराच्या उपचाराला तो लागत नाही पण नुसत्या कॉस्मेटिक सर्जरीला 18 टक्के लागतो, शेवटच्या बिलात तो दिसला की चक्कर येते. आणि सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एमसीएच किंवा डीएनबी ही पदवी आहे का, भूल देणारे डॉक्टर वेगळे आहेत का, रात्री काही झालं तर आयसीयू आहे का, हे विचारायला लाजू नका. इन्स्टाग्रामवरचे आधी-नंतरचे फोटो बघून सलूनवजा क्लिनिकमध्ये तर जाऊच नका.

नवऱ्याने हळूच विचारलं होतं, माझं पण होईल का. डॉक्टरांनी त्याचं पोट चिमटीत धरून बघितलं, हातात काहीच आलं नाही. टणक पोट म्हणजे चरबी स्नायूंच्या आत, आतड्यांभोवती, ती टमी टकने निघत नाही, त्याला कमाटी बागेत रोज सकाळी चालायला सांगितलं. दोन दिवस गेला.

मग पैसे वसूल झाले का? फोटोसाठी म्हणाल तर अर्धे, कारण वण अजून तपकिरी लाल आहे, सिलिकॉनची पट्टी लावते, उन्हाळ्यात ती घामाने निघून यायची, आणि वणाचा रंग बसायला वर्ष-दीड वर्ष लागतं. पण स्नायू शिवले त्याचे पूर्ण वसूल. ओट्याशी उभी राहते, कणीक मळते, पाठ बोलत नाही. नवरात्रात डॉक्टरांना विचारून गरबा खेळले, बेल्ट लावून, पूर्ण नऊ रात्री नाही आणि गिरकीची पावलं सोडून, घरी आल्यावर पोट टम्म सुजायचं आणि सकाळी उतरायचं. चनियाचोळीत पोट झाकायला ओढणी पसरून घ्यावी लागली नाही, हेही आहेच.

एक काम बाकी आहे. वणाच्या उजव्या टोकाला कातडीचा छोटा कोपरा उभा राहिलाय, त्याला डॉग इयर म्हणतात, वर्ष झालं की फक्त तेवढी जागा बधिर करून काढतील. त्याचे वेगळे पैसे किती हे मी ऑपरेशनच्या आधीच लिहून घेतलं होतं, फक्त ऑपरेशन थिएटरचा खर्च, सर्जनची फी नाही. तुम्ही पण हे आधीच कागदावर घ्या.