टेरेसवर भाजी: ग्रो बॅग घ्यावी की विटांचा वाफा करावा?

दसरा झाला की ओळखीतलं कोण ना कोण विचारतंच, टेरेसवर भाजी लावायची आहे, बॅगा आणू का वाफा करू. माझ्याकडं दोन्ही आहेत, बरीच वर्षं आहेत, आणि दोन्हीतली भाजी घरात खाल्ली जाते, त्यामुळे एकाला डोक्यावर घेऊन दुसऱ्याला नावं ठेवायची असं काही नाही. पण कुणी खनपटीलाच बसलं तर माझं माप एका बाजूला झुकतं, ते का झुकतं तेवढं सांगतो. बॅगा कुठल्या साईजच्या, ऊन किती तास पाहिजे, कोकोपीट (नारळाचा भुस्सा) कसं भिजवायचं हे तुम्हाला माहीत असणार, ते सोडून देतो.

बॅगेचं मोठं सुख म्हणजे सुरुवात पटकन होते. शनिवारी आणल्या, रविवारी भरल्या, संध्याकाळी मिरचीची रोपं लावून मोकळे. घर भाड्याचं असेल, टेरेस सगळ्या बिल्डिंगचा असेल किंवा पुढच्या उन्हाळ्यात वॉटरप्रूफिंग काढायचं ठरलं असेल तर वाफ्याचा विचारच करू नका, बॅगाच घ्या. दुसरं म्हणजे रोग. टोमॅटो-वांग्याला मर, म्हणजे झाड सुकवून टाकणारा मातीतला रोग, लागली तर बॅगेत एकच झाड जातं, ती माती बाजूला काढली की विषय संपला. वाफ्यात मात्र मर मातीतनं पुढं सरकते आणि मग त्या जागेवर टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यातलं काहीच बरेच दिवस लावता येत नाही, कारण ही सगळी एकाच कुळातली. वाफेवाले लोक हे फारसं सांगत नाहीत, पण मला हा मुद्दा खरंच मोठा वाटतो.

आता बॅगेचं दुखणं. माझ्यापुरता निकाल त्यानंच लावला.

पाणी घातलं की ते झाडाला मिळतंच असं बॅगेत होत नाही. मार्च उजाडला की आपल्याकडं कोल्हापुरात ऊन तापायला लागतं, एप्रिलमध्ये पारा ३८ च्या आसपास जातो, टेरेसची फरशी खालनं तापते आणि बॅगेला चारी बाजूंनी ऊन लागतं, त्यामुळे आतलं मिश्रण कडेकडेनं सुकत जातं. कोकोपीट एकदा खडखडीत वाळलं की आकसतं आणि परत लगेच पाणी धरत नाही, मग बॅगेची कड आणि आतला गड्डा यांच्यात बारीक फट पडते. सकाळी तुम्ही तांब्याभर पाणी ओतता, ते त्या फटीतनं सरळ तळाला जातं आणि भोकातनं बाहेर पडतं, फरशीवर तांबूस ओघळ दिसतो. तुम्ही म्हणता पाणी खालनं आलं म्हणजे पोटभर मिळालं. दुपारी वर जाऊन बघावं तर झाडानं मान टाकलेली आणि माती बोटानं उकरली तर दोन इंचांखाली ठणठणीत कोरडी. संध्याकाळी पुन्हा तेच. काळी माती जास्त घालून बघितली तर ती वाळल्यावर दगडासारखी होते आणि तिला भेगा पडतात, म्हणजे पाण्याला आणखी एक वाट.

उपाय नाहीत असं नाही. वरची माती काडीनं मोकळी करायची, थोडं पाणी घालून दहा मिनिटं थांबायचं, मग परत घालायचं, लहान बॅग असेल तर घमेल्यात पाणी घेऊन त्यात ठेवून द्यायची म्हणजे ती खालनं पाणी ओढून घेते. ड्रिपनं पण बरंच सावरतं, थेंबाथेंबानं पाणी मुरायला वेळ मिळतो हे मान्य. पण हे रोज, प्रत्येक बॅगेला, कामावर जायच्या घाईत करायचं, आणि चैत्रात जोतिबाच्या यात्रेला घरातली सगळी जाणार असतील किंवा दोन दिवस गावाकडं मुक्काम पडला तर शेजाऱ्यांना किल्ली देऊन हे सगळं समजावून सांगायचं. शेजारी बिचारे मनापासून पाणी घालतात, ते खालनं निघून जातं, आणि त्यांनाच वाईट वाटतं. ज्याला रोज सकाळी अर्धा तास निवांत मिळतो त्याला कदाचित हे एवढं जाणवणार नाही, मला ते जड गेलं.

वाफ्यात असं होत नाही म्हणजे वाफा वाळतच नाही असं नव्हे. पण तीन फूट रुंद वाफ्याची कड वाळली तरी मधला भाग ओला राहतो आणि मुळं तिकडं वळतात, आणि वर पाचट (उसाचा वाळलेला पाला) पसरलेलं असलं की ऊन थेट मातीपर्यंत पोचत नाही. भर एप्रिलमध्ये सकाळी पाचट बाजूला सारून बघा, खाली गारवा असतो, गांडुळं असतात. एक दिवस पाणी चुकलं तर पोकळा, चाकवत जरा मलूल दिसतात आणि पाणी मिळालं की उठतात. माझ्या डोळ्यांना दिसलेला फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

वाफा करायचा म्हणजे गवंडी बोलवायला लागत नाही. बांधकामाच्या उरलेल्या विटा सिमेंट न लावता नुसत्या रचायच्या, दोन किंवा तीन थर पुरतात. रुंदी तीन फुटांच्या वर नको, दोन्ही बाजूंनी हात पोचला पाहिजे. तळाला नारळाच्या शेंड्या, त्यावर पाचट आणि पालापाचोळा पायानं दाबत दाबत, मधे मधे शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण) शिंपडत भरायचा, आणि सगळ्यात वर चार-पाच बोटं शेणखत मिसळलेली पोयट्याची माती. पालापाचोळा कुजवून माती घरीच तयार करता येते हा विचार शेतीत प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार या आपल्या चळवळीतनं कोल्हापुरातच राहून लोकांपर्यंत नेला, दहा गुंठ्यांत एक कुटुंब भागू शकतं असं ते मांडायचे. उसाच्या या मुलखात पाचटाला तोटा नाही, आणि आपण मात्र टेरेससाठी नारळाचा भुस्सा विकत आणतो, हे मला पटत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, कच्चं पाचट कुजताना मातीतलं नत्र (नायट्रोजन) ओढून घेतं, त्यामुळे सुरुवातीला पालक-पोकळा पिवळट दिसला तर शेणाचं पातळ पाणी द्या आणि थोडं थांबा. पहिलं पीक मेथी किंवा घेवडा घेतला तर बरं, त्यांच्या मुळांवर हवेतलं नत्र धरणाऱ्या गाठी येतात. वाफा काही महिन्यांत चांगलाच खाली बसतो, मग वरनं परत भर घालायची.

वजनाचं बोलल्याशिवाय वाफ्याची शिफारस करणं बरोबर नाही. ओली माती घनमीटरला दीड ते पावणेदोन टन भरते, म्हणजे फूटभर जाडीचा नुसत्या मातीचा वाफा चौरस मीटरला ५०० किलोच्या घरात जातो, आणि वापरातल्या टेरेससाठी डिझाईनमध्ये जो वरचा भार धरतात तो चौरस मीटरला साधारण १५० किलो. म्हणून मातीचा वाफा टेरेसवर नकोच. पाचटाचा त्यामानानं हलका, पण भिजल्यावर तोही वजन धरतो, तेव्हा उंची कमी ठेवायची, स्लॅबच्या मध्यावर न करता बीमच्या रेषेवर किंवा खाली भिंत आहे तिथं करायचा, आणि घर जुनं असेल तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एकही वीट रचायची नाही. छताला आधीच ओल येत असेल तर वाफा सोडून द्या, बॅगा स्टँडवर ठेवा, खालची फरशी वाळत राहील.

पावसाळ्यात बॅग वरचढ ठरते, हे मोकळेपणानं सांगतो. जुलैची झड लागली की पंचगंगा पात्राबाहेर आणि आपला टेरेस दिवसदिवस वाळत नाही, वाफ्यातली कोथिंबीर पावसाच्या मारानं आडवी होऊन कुजते. बॅग ओढून पत्र्याखाली घेता येते, वाफा जागेवरनं हलत नाही. मी त्या दिवसांत वाफ्यात अळू ठेवतो, कडेला दोडक्याचा वेल मांडवावर चढवतो, उरलेल्या जागेत ताग टाकतो आणि फुलावर यायच्या सुमारास तिथंच कापून दाबतो, म्हणजे त्याचं हिरवळीचं खत होतं. घरच्यांना पावसाळ्यात कोथिंबीर बाजारातनं आणायला लागते, त्याला इलाज नाही, पांढऱ्या रश्शावर कोथिंबीर नसली तर चालत नाही आमच्यात.

पुदिना मात्र कुठल्याही मोसमात वाफ्यात लावू नका, तो खालनं पसरत सगळा वाफा खातो, त्याला स्वतंत्र बॅग द्या. गवती चहालाही वेगळीच बॅग द्या. मिरची आणि वांगी मी बॅगेत ठेवतो, रोगाच्या कारणानं, आणि मोठी बॅग घेतो म्हणजे ती फट उशिरा पडते. मेथी, शेपू, पोकळा, चाकवत, मुळा, कोथिंबीर, कांद्याची पात हे सगळं वाफ्यात. घरात रोज लागणारी भाजी म्हटली तर त्यातली बहुतेक याच यादीत येते, म्हणूनच माझं माप वाफ्याकडं झुकतं.

ज्याला अजून अंदाजच नाही त्यानं मिरचीच्या दोन बॅगा आणि तीन बाय पाचचा एक वाफा एवढ्यावर एक हिवाळा काढून बघावा. कारखान्यांचे बॉयलर पेटले, ऊसतोड सुरू झाली की ओळखीच्या शेतकऱ्याला आधीच सांगून ठेवा, फडातलं पाचट पेटवायच्या आत दोन-तीन पोती भरून घेतो म्हणून. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, पोती मात्र आपली न्यायची आणि वाळलेलंच पाचट भरायचं.