रोज एक छोटं चित्र, की महिनाभर एकच स्टडी? पेंटिंग शिकताना काय निवडावं

पेंटिंग सिरियसली शिकायचं ठरवलं की थोड्याच दिवसांत हा प्रश्न येतो. रोजचे दीड-दोन तास हातात आहेत, ते घालवायचे कशात? रोज एक छोटं चित्र काढून संपवायचं की एकच विषय समोर मांडून त्याच्या स्टडीवर, म्हणजे बघून केलेल्या अभ्यासचित्रावर, तीन-चार आठवडे बसायचं? मी दोन्ही केलंय, आधी दीडेक वर्ष रोजचं चित्र आणि मग लांब स्टडी, आणि दोन्हीनं हाताला जे येतं ते तर वेगळं आहेच पण आपल्या स्वभावाला जी सवय लागते तीही पार वेगळी आहे, निवडताना लोक तिचा विचारच करत नाहीत.

आधी रोजचं चित्र. तळहाताएवढा कागद, समोर एखादा कप नाहीतर फळ, टायमर ४० मिनिटांचा, वाजला की ब्रश खाली. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे कोऱ्या कागदाची भीती जाते. खरंच जाते, साधारण महिनाभरात. मूड असो नसो, बसायचं म्हणजे बसायचं हे अंगवळणी पडतं आणि आजचं चित्र बिघडलं तरी उद्या दुसरं आहेच, त्यामुळे चित्र बिघडलं की आपणच बिघडलो असं वाटणं कमी होतं. जपानी चित्रकार होकुसाईनं १८४२-४३ मध्ये, वय ऐंशीच्या पुढे असताना, अरिष्ट टळावं म्हणून रोज सकाळी एक सिंह काढायचा नेम धरला होता. ऐंशीनंतर! मला कंटाळा आला की मी हे आठवते.

पण याच्यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडले. मी रोज चेहरे काढायचे. डोकं वरपासून हनुवटीपर्यंत मोजलं तर डोळे साधारण मध्यावर येतात, हे मला पाठ होतं, तरी माझे डोळे कायम वर जायचे आणि कपाळ आखूड व्हायचं. ४० मिनिटं संपली की पान उलटायचं, दुसऱ्या दिवशी नवा चेहरा आणि तीच चूक. दीड वर्षात रंग लावायला सफाई आली, ब्रश मोकळा झाला, आणि चुकीच्या जागी डोळे फार सुंदर काढता यायला लागले. रोज करतोय म्हणजे सुधारतोय असं वाटत राहतं, पण कोणी चूक दाखवली नाही किंवा आपण परत मागे जाऊन बघितलंच नाही तर रोजच्या रोज आपण चूकच घोटत असतो. म्हणून रोजच्या चित्राला एक प्रश्न पाहिजे. इंग्लिश चित्रकार जॉन कॉन्स्टेबलनं १८२१-२२ मध्ये नुसत्या आकाशाचे कितीतरी स्टडी केले आणि बऱ्याच चित्रांच्या मागे तारीख, वेळ, वारा कुठून वाहतोय ते लिहून ठेवलं. त्याला ढग कसा बनतो ते समजून घ्यायचं होतं. माझ्याकडे तसा प्रश्न नव्हता, नुसता आकडा होता.

आता लांब स्टडी. एक प्लास्टरचा पुतळा किंवा साधी मांडणी, एकच दिवा, तोही हलवायचा नाही, जमिनीवर टेप लावून आपली उभं राहायची जागा पक्की, आणि उभी रेघ तपासायला ओळंबा. पहिल्या काही बैठका फक्त सरळ रेघांनी बाहेरचा आकार, मग सगळी सावली एकाच सपाट टोनमध्ये, म्हणजे एकाच गडदपणात, मग मधले टोन आणि शेवटी कडा, कुठली कडक कुठली विरघळलेली. ऐकायला छान वाटतं. पण चौथ्या-पाचव्या बैठकीला असा कंटाळा येतो की इझलकडे जाऊच नये वाटतं, नवीन काही घडत नसतं, आणि खरी शिस्त तिथून सुरू होते. माझ्या पहिल्या स्टडीत नाक फार सुरेख जमलं होतं, फक्त ते अर्धं बोट डावीकडे होतं. दोन दिवस मी त्याच्या आजूबाजूचं सगळं हलवून बघितलं, कारण नाक पुसायला हात होईना. शेवटी पुसलं. त्या दिवशी स्वतःबद्दल जे कळलं ते रोजच्या चित्रांनी कधीच दाखवलं नव्हतं.

फ्रेंच चित्रकार सेझाननं १८९९ मध्ये चित्रांचा व्यापारी व्होलार याचं पोर्ट्रेट करताना त्याला ११५ वेळा बसवलं असं व्होलारनंच लिहून ठेवलंय, आणि तरी हातावरच्या दोन ठिपक्यांएवढा कॅनव्हास कोराच राहिला, कारण तिथे नेमका कुठला रंग हवा ते ठरेना आणि अंदाजे काहीतरी भरायला तो तयार नव्हता.

तोटे? आहेत. महिनाभरात मांडणीचा निर्णय एकदाच घेतला जातो, रोजवाल्याचे तेवढ्यात तीस होतात. रंग मिसळायचा सरावही कमी. पुतळा हलत नाही, त्यामुळे हलत्या माणसासमोर हात गारठतो. आणि परफेक्ट करायच्या नादात स्वतःचं चित्र सुरू करणं टाळायची चांगली सोय होते, हे मी जवळून बघितलंय.

वेळ कमी आहे म्हणून लांब स्टडी जमणार नाही, हे मात्र मला पटत नाही. अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटनं १८८५-८६ मध्ये कंदिलांजवळच्या दोन मुलींचं ते मोठं चित्र रोज संध्याकाळी तो विशिष्ट उजेड टिकेल तेवढी काही मिनिटंच रंगवलं.

मग कोणी काय घ्यावं? जुनी फाइल काढा. त्यात अर्धवट सोडलेलंच जास्त असेल किंवा आठवड्यातून दोनदाही बसणं होत नसेल तर रोजचं छोटं चित्र घ्या, दुसरा विचार नको, आधी संपवायची सवय लागू दे. पण फाइल पूर्ण झालेल्या चित्रांनी भरलेली असेल आणि सगळ्यांत तीच एक गोष्ट खटकत असेल तर माझ्यासारखं दीड वर्ष थांबू नका, लांब स्टडीला बसा. व्हॅन गॉगनं १८८० मध्ये सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवलं तेव्हा तो शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकाराच्या ड्रॉइंग शिकवणाऱ्या छापील प्लेट्स पुन्हा पुन्हा कॉपी करत बसला होता, आणि आयुष्याच्या शेवटच्या सत्तरेक दिवसांत त्याची सत्तरच्या वर पेंटिंग्ज झाली. वेग नंतर आला.

मी सध्या पाच दिवस लांब स्टडी करते आणि बसायच्या आधी वीस मिनिटं कालचा भाग न बघता आठवणीतून काढते. पहिल्यांदा करणार असाल तर पांढरा कप, एक दिवा, फक्त चारकोल आणि बारा बैठका एवढंच ठेवा. बारावी झाली की चित्र आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेवा, मग आरशात उलटं बघा, जिथे वाकडं दिसेल तिथे खूण करा, पुढची स्टडी त्या खुणेपासून.